पार्किंगवाल्याचा कान

माझा उजवा हात जड आहे. वडिलांचाही होता. त्यांचा मी पाठीवर सोसला आणि माझा पुढच्यांच्या गालावर ठेवून दिला. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली, आधी मालेगाव तालुक्यात, मग रिसोडकडे, शेवटची काही वर्षं वाशिमजवळ. एवढ्या वर्षांत किती पोरांच्या कानाखाली वाजवली ते मला सांगता यायचं नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. छडी मी कधी हातात धरली नाही. छडीवाले मास्तर मला भित्रे वाटायचे. हातानं मारलं की आपल्यालाही झिणझिण्या येतात, म्हणजे तो न्यायाचा मार, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे. तेही माना डोलवत.

आमच्याकडे एक रीत आहे. शिकवलेल्या पोरावरचा मास्तरचा हक्क शाळा सुटली म्हणून सुटत नाही. पोरगा दोन लेकरांचा बाप झाला तरी तो हक्क राहतो. लग्नात कोणी दारू पिऊन वरातीपुढे लोळायला लागला, की घरच्या बाया पोलिसाला बोलावत नाहीत, मास्तरला हाक मारतात. 'गुरुजी, याच्याकडं पाहा बरं जरा.' मास्तर उठतो, हात पुसतो, एक लावतो. तो मिशीवाला बाप्या गाल धरून खाली मान घालतो आणि मांडवात हशा पिकतो. मी एका सरपंचाला हळदीच्या मांडवात अशी लावली होती. दुसऱ्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. 'गुरुजी, लय दिवसांनं तुमच्या हातचा परसाद भेटला,' म्हणाला. बायको आतून बाहेर आली, पुडा घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

निवृत्तीनंतर हे सुटायला हवं होतं, उलट वाढलं. वर्ग गेला आणि मला सगळा जिल्हाच वर्ग दिसू लागला. पंचेचाळिशीच्या आतला कोणीही उद्धट बोलला की माझा हात शिवशिवायचा. रिसोडच्या बाजारात एका काळीपिवळीच्या ड्रायव्हरला लावली, तो माझा विद्यार्थी निघाला, पाया पडला. वाशिमच्या बसस्टँडवर एकाला लावली, तो निघाला नाही, पण त्याचा मोठा भाऊ निघाला. तेव्हा मी हसलो होतो. आपला नेम चुकत नाही असं मला वाटू लागलं होतं.

त्या दिवशी मी हयातीचा दाखला द्यायला वाशिमला गेलो होतो. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. यंत्रावर अंगठा ठेवायचा, की झालं. माझा अंगठा उमटेना. खडूनं घासून घासून बोटं गुळगुळीत झालेली. ती मुलगी म्हणाली, पुसून ठेवा. पुसला. दाबून ठेवा. दाबला. दीड तास ते यंत्र मला मेलेला ठरवत राहिलं, आणि शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर मी जिवंत झालो. बाहेर आलो तेव्हा डोकं आधीच तापलेलं होतं.

बँकेसमोर कडुनिंबाखाली एक मोकळा प्लॉट आहे. तिथे मी निवृत्त झाल्यापासून गाडी लावत आलो. माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाला पिवळ्या रंगाचा लोखंडी जबडा आवळलेला होता. त्याला जॅमर म्हणतात हे मला नंतर कळलं. काचेवर डिंकानं एक पावती चिकटवलेली, तीही बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. 'विनापरवाना पार्किंग. दंड पाचशे रुपये. दंड भरेपर्यंत वाहन हलवू नये.' खाली कुठल्याशा कंपनीचा शिक्का. सरकारचा नाही, नगरपरिषदेचा नाही. कोण कुठली कंपनी, आणि ती माझ्या गाडीला बेडी घालते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोर्ड शोधला. बोर्ड होता, पण त्याच्यावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स बांधलेलं. पुढारी हात जोडून हसत होता, आणि त्याच्या पोटामागे 'पार्किंग सशुल्क' लपलेलं होतं.

पलीकडच्या गाडीजवळ एक माणूस उभा होता. अंगात कंपनीचं हिरवं जाकीट, गळ्यात पावत्यांचं मशीन, वय पस्तीसच्या आसपास, ठेंगणा, पण दंडानं भरलेला. तो वाकून नंबरप्लेट वाचत होता आणि मशीनवर बोट मारत होता. मी त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो.

"काय आहे हे?"

उत्तर नाही.

"अरे, मी तुलेच इचारून राह्यलो. हे कोनं लावलं?"

त्यानं मानसुद्धा हलवली नाही. बोट मशीनवर चालूच. मी दोन हातांच्या अंतरावर उभा, आवाज माझा वर्गात मागच्या भिंतीवर आपटणारा, आणि हा मला उडवून लावतो. तिसऱ्यांदा मी ओरडलो तेव्हा रस्त्यावरची माणसं वळली. हा नाही वळला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौतीस वर्षांत माझ्यासमोर असा मुका राहण्याची हिंमत एकाही पोरानं केली नव्हती. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवला. त्याचं तोंड माझ्याकडे झालं न झालं तोच माझा हात सुटला.

आवाज फटाक्यासारखा झाला. तो गाडीच्या बॉनेटवर आपटला, तिथून खाली. गळ्यातलं मशीन निसटून दगडावर पडलं आणि त्याच्यातून पावत्यांचं भेंडोळं उलगडत गेलं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं, दिवसभराची मळमळ एकदम बाहेर पडल्यासारखं.

पुढे काय झालं ते फार भराभर झालं. कंपनीची दोन पोरं धावत आली. एकाच्या हातात प्लास्टिकचा जाड पाइप. पहिला फटका माझ्या पोटरीवर बसला, दुसरा पाठीवर. चष्मा उडाला आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेला. माझी कॉलर एकाच्या मुठीत होती आणि तो मला गाडीवर आपटत होता. 'बुढ्या, दादागिरी करतं काय बे?' प्रत्येक शब्दाला एक आपट. ओठ फुटला. मी त्याच्या हाताला चावलो. चौसष्ट वर्षांचा, पेन्शन घेणारा, दरवर्षी गांधीजयंतीला भाषण करणारा मी, त्याचं बोट दातांत धरून सोडेना. तो किंचाळला. दुसऱ्यानं माझ्या कुशीत गुडघा घातला तेव्हा दात सुटले. खाली पडलो तर हाताला लोखंड लागलं. तिथे एक रिकामा जॅमर पडला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्याच्या वर नेला. समोर कोण होतं ते चष्म्याशिवाय मला दिसत नव्हतं. कोणाचं तरी डोकं होतं, एवढं दिसत होतं, आणि ते मी फोडणार होतो.

माझं मनगट कोणीतरी मागून पकडलं. मी खाली पाडला होता तोच तो माणूस. त्यानं जॅमर माझ्या हातातून पिळून काढला, बाजूला टाकला, आणि त्या दोघांना छातीवर हात देऊन मागे ढकललं.

"सोडा त्याईले. मास्तर हायेत ते."

आपण मास्तर आहोत हे आपल्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं, असं मला त्याही अवस्थेत वाटलं. तोंडात रक्त होतं आणि तरी मी मनातल्या मनात फुशारलो.

ठाण्यात दोन्हीकडच्या तक्रारी झाल्या. कंपनीचा मॅनेजर गॉगल डोक्यावर चढवून आला. त्याला माझ्या पाठीवरच्या वळांशी देणंघेणं नव्हतं, आणि त्याच्या माणसाच्या गालाशीही नव्हतं. त्यानं त्या माणसाचं तोंड धरून हवालदाराकडे फिरवलं, जत्रेत बैलाचे दात दाखवतात तसं. "साहब, इसके बाए कान से सुनाई नहीं दे रहा. मास्टरनं कान फोडला. मेडिकल करा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मास्टरजी, कान कायमचा गेला तं कलम वेगळं लागते बरं. जेलवालं. त्याच्यापेक्षा आपसात पाहून घ्या." म्हणजे दंड भरा, मशीन भरून द्या, आणि वर त्यानं सांगितलेला आकडा द्या. मी म्हटलं, फाशी दे, पण त्या पावतीचा एक रुपया देणार नाही. तो माणूस कोपऱ्यात बाकावर बसून होता. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. तो काहीच बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला मस्तवालपणाच वाटत राहिलं.

मेडिकलचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाठीवर झोपता येत नव्हतं. पुण्याहून मुलाचा फोन आला, 'बाबा, देऊन टाका आणि मोकळे व्हा,' तर मी त्याच्यावरही खेकसलो. कान फुटला असेल तर मी गुन्हेगार. ज्यांना शिकवलं त्यांच्यापैकीच कोणीतरी मला गाडीत घालून नेणार. नळावर तोंड धुताना, भाकरी मोडताना, माझ्या मनात एकच, तो डावा कान. पण तो कान कोणाच्या डोक्याला आहे हा विचार माझ्या मनात आला नाही. बायकोच्या आला.

"त्या पोराले ऐकू येते का नाही, जाऊन पाहून या ना एकदा."

"मी कायले जाऊ? त्यानं गाडीले जबडा लावला त्याचं काय?"

"त्यानं जबडा चाकाले लावला होता," ती म्हणाली, "तुमी त्याच्या जबड्याले लावली." आणि पोळी तव्यावर अशी आपटली की मी उठून ओसरीवर गेलो.

मी भांडायला दुसरी जागा शोधली. गाडी कडुनिंबाखालीच जखडलेली, म्हणून रोज उठून एसटीनं नगरपरिषदेत जाऊ लागलो. फ्लेक्सचे फोटो, पावतीची प्रत, जॅमरचा फोटो, तीन पानी अर्ज. तिथला कारकून माझा विद्यार्थी निघाला, हे सांगायला नको. त्यानं ठेक्याची फाइल काढली, करार वाचला आणि मला हळूच म्हणाला, "गुरुजी, कंपनीले पार्किंगची पावती फाडायचा हक्क हाये. गाडीले कुलूप घालायचा नाही. आन् बोर्ड दिसला नाही तं दंड कशाचा?" साहेबांपर्यंत कागद गेला. सातव्या दिवशी माझ्या हातात शिक्क्यासह पत्र आलं. दंड रद्द, जॅमर ताबडतोब काढावेत, कंपनीला खुलासा विचारला आहे. मी ते पत्र तिथल्याच दुकानात लॅमिनेट करून घेतलं. दुकानदाराला वाचून दाखवलं. रस्त्यावर भेटलेल्या दोघांना वाचून दाखवलं.

आठव्या दिवशी ते लॅमिनेट केलेलं पत्र काखेत धरून मी ठाण्यात गेलो. मॅनेजर आधीच आलेला. तो माणूस त्याच बाकावर, सूज उतरून गाल पिवळा-निळा झालेला. हवालदारानं पाकीट फोडलं. त्यानं आधी स्वतःशी वाचलं, मग मोठ्यानं.

"डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे. डाव्या कानानं ऐकू येत नाही." इथे तो थांबला. मी टेबलाची कड धरली. "छिद्राच्या कडा जुन्या, बुजलेल्या आहेत. इजा कित्येक वर्षांपूर्वीची. सध्याच्या मारामुळे नवी दुखापत आढळली नाही."

मी टेबलावर मूठ आपटली. हवालदाराचा चहा सांडला. "जुनं हाये! ऐकलं का? जुनं!" मी मॅनेजरच्या तोंडासमोर ते पत्र नाचवलं. "दंड रद्द! कान जुना! आता तुले जेलमधी टाकतो का नाही पाह्य. भल्या माणसाले लुटायचे धंदे!" मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण वर्ग दणाणून सोडावा तसं ठाणं दणाणलं. शिपाई दारात येऊन पाहू लागले. जिंकण्याची मला फार चटक आहे. मी जिंकलो होतो, दोन्हीकडून.

मॅनेजर त्या माणसाकडे वळला. "काहून बे? पहिलेपासून बहिरा व्हता तं सांगतलं काहून नाही?" आणि त्यानं त्याची कॉलर धरून त्याला बाकावरून उठवला आणि हवालदार 'ए, ए' करेपर्यंत फाडकन त्याच्या तोंडात मारली. त्याच गालावर. जाकीट अंगातून ओढून काढलं, बाही फाटली. "उद्यापासून येऊ नोको. तुह्यापायी माहा ठेका जाऊन राह्यला." हवालदारानं मॅनेजरला दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा तो जाता जाता भिंतीवर लाथ मारून गेला.

तो माणूस बनियनवर उभा होता. हवालदारानं विचारलं, "कान कशानं गेला रे?"

"शाळेत गेला, साहेब. मास्तरनं मारलं व्हतं."

"कोन मास्तर? कुठला?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावर सांडलेल्या चहाकडे पाहत राहिला. "आता कायचं नाव, साहेब. लय वर्सं झाले. तक्रार मांगं घेतो मी. सही कुठं करू?"

सही केली आणि गेला. माझ्या हातात लॅमिनेट केलेलं पत्र होतं. पण त्याच्या सहीचं वळण ओळखलं मी. आमच्याकडच्या शाळांत ज्यांना मी लिहायला शिकवलं त्यांच्या अक्षराला एक उजवीकडे झुकणारी तिरकी चाल असते, कारण माझंच तसं आहे. कागदावरची सही तशी झुकलेली होती. हवालदार मला काहीतरी सांगत होता, मी तसाच बाहेर धावलो.

तो समोरच्या टपरीच्या बाकावर बसला होता. मी गेलो, तर त्यानं सरकून मला आपल्या उजव्या हाताला जागा करून दिली. दोन चहा सांगितले. कोणत्या शाळेत होतास, मी विचारलं. त्यानं गावाचं नाव सांगितलं. धरणाखालचं गाव, माझ्या नोकरीचं तिसरं. चौथीचा वर्ग तिथे मीच घेत होतो.

"मले वळखलं व्हतं का तू त्या दिवशी?"

"आदी नाई वळखलं. मी खाली पाहून राह्यलो व्हतो, तुमी त्या बाजूनं आले, मले ऐकूच नाई आलं. तुमी फिरवलं मले आन् हात उचलला. तोंड नाई पाह्यलं मी, गुरुजी. हात वळखला."

चहा आला. तो फुंकर घालून प्यायला. मी माझा दोन घोटांत संपवला.

मग त्यानंच सांगितलं. शाळेच्या पाण्याच्या हौदात कोणीतरी लघवी केली होती. मी सगळ्या पोरांना अंगणात रांगेत उभं केलं. उंचीप्रमाणे रांग, बुटका पुढे. सांगा कोण होता तो, नाहीतर एकेकाला सोलून काढतो, असं मी म्हटलं. कोणी बोललं नाही, म्हणून मी पुढून सुरुवात केली.

"पयला मीच व्हतो. बुटका ना. एकच बसली. खाली पडलो तं कानातून रगत आलं, मंग तुमी थांबले. बाकीच्याईले नाई मारलं." हे तो असं म्हणाला की जणू माझ्या बाजूनं चार शब्द बोलत होता. "मायनं तेल टाकलं कानात. मंग पू झाला. बापानं मलेच धुतलं, मास्तर उगाच मारते काय म्हने."

"डाक्टरले नाई दाखवलं?"

"दाखवलं, लय उशिरा. पोलीस भरतीच्या मेडिकललेच दाखवलं म्हना." तो हसला. "तीन खेपा गेलो. पळण्यात पास, लेखीत पास. गणित माह्यं चांगलं व्हतं, तुमचंच शिकवेल. मेडिकलले गेलो का कान. तिसऱ्या खेपेले तिथल्या डाक्टरनं मले नावानं वळखलं. मंग सोडून देलं. पोहरादेवीच्या जत्रेत वावरात गाड्या लावून घ्यायचं काम केलं, तिथूनच ह्या कंपनीवाल्यानं उचललं. लोक शिव्या देते, मारते बी. पन एका बाजूच्या शिव्या ऐकू नाई येत, ते बरं."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. त्याचे पाय धरायला हवे होते, तिथे, टपरीवर, सगळ्यांदेखत. निदान त्याच्या तोंडाकडे पाहून बोलायला हवं होतं. पण मी भर बाजारात रडणारा माणूस नाही, आणि माफी मागण्याची मला सवय नाही. आयुष्यात मी कोणाची मागितलेली मला आठवत नाही. मी उठलो, रिकामे ग्लास टपरीवर ठेवले, आणि परत येताना त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो. डाव्या. का बसलो ते मला तेव्हाच कळत होतं. समोर रस्त्याकडे पाहत मी अगदी हळू म्हणालो, "माफ कर रे बाबू. माह्या हातून लय मोठं पाप झालं."

तो तसाच रस्त्याकडे पाहत होता. मग माझे ओठ हललेले त्याला दिसले असावेत. त्यानं अख्खी मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला, वर्गात पहिल्या बाकावरचं पोर करतं तसं, मन लावून.

"काय म्हनले, गुरुजी?"

पुन्हा म्हणायचं होतं. तेच चार शब्द, जरा मोठ्यानं. तो कान माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, धड, चांगला, वाट पाहणारा. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मंग कोन होता तो?"

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"अजून तेच इचारून राह्यले तुमी?"

तो उठला. पँटच्या खिशातून पैसे काढून दोन्ही चहांचे त्यानंच दिले आणि स्टँडकडे चालू लागला. मी त्याला हाक मारली. मोठ्यानं, दोनदा. रस्त्यावरच्या सगळ्यांनी वळून पाहिलं.